‘परके’ कोण?



‘जतनाचा पैसा आधी किल्ल्यांना, परक्यांच्या वास्तूंना मागाहून’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून वाईट वाटले. किल्ले जपायलाच हवेत. पण परके कोण? मुंबईत मांडवीतले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युअल दिवेकरांनी उभारले. आडनावातच कोकणातले गाव! शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे त्यांचे ज्यू समाजबांधव, म्हणजेच ‘शनवार तेली’, घरात मराठीच बोलत. कोकणातल्या त्यांच्या दफनभूमीत एकाच दगडावर हिब्रू आणि मराठी अक्षरे दिसतात. शेवाळ पुसले की आपली ओळ सहज वाचता येते. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, राखणीला माणसे उरली नाहीत. निदान या दगडांची छायाचित्रांसह नोंद ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अलिबाग