आता खरा बोर्ड हातात घ्या

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनो, प्रोटियस किंवा वोक्वी या सिम्युलेटरवर तुमचा एलईडी लुकलुकायला लागला असेल, तर पुढचा प्रयोग पडद्यावर करू नका. एटीमेगा ३२८पी चिप असलेला अर्डुइनो उनो आणा. सोबत ब्रेडबोर्ड, जंपर वायर, चार एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर, एक पुश बटण आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं. पैसे कमी पडत असतील तर तिघांत मिळून घ्या, पण मल्टिमीटर वगळू नका.

घाई एवढ्यासाठी, की पडद्यावरची वायर कधी सैल होत नाही आणि तिथले पाच व्होल्ट सहसा पाचच राहतात. खऱ्या बोर्डावर बटणाची पिन नुसती मोकळी सोडलीत, तर बटण न दाबताही ती कधी शून्य वाचते, कधी एक; हात जवळ नेला तरी फरक पडतो. या चिपमध्ये २० ते ५० किलोओहमचा पुलअप रेझिस्टर आतच असतो, तो प्रोग्रॅममधून चालू करा. मग बटण किती वेळा दाबलं ते मोजायला गेलात, तर एकदा दाबल्यावरही मोजणी तीन-चारने पुढे जाऊ शकते, कारण बटणाच्या आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात. वोक्वी ही थरथर दाखवतं. सैल वायर मात्र दाखवत नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती विजेच्या पुरवठ्यापाशी. सर्व्हो मोटर बोर्डाच्याच पाच व्होल्टवर जोडतात, मोटर हलायला जाते आणि बोर्ड रीसेट होतो. मग रात्रभर प्रोग्रॅम तपासत बसतात. प्रोग्रॅम बरोबरच असतो! मोटर सुरू होताना विद्युतप्रवाह एकदम जास्त खेचते आणि व्होल्टेज खाली येतं. मोटरला वेगळा पुरवठा द्या आणि दोन्हींचे ग्राउंड एकमेकांना जोडा. ग्राउंड जोडायचं हमखास राहतं. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नका. ४० ही पिनची कमाल मर्यादा आहे, रोज वापरायचा आकडा नव्हे. उनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड वापरत असाल तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्टचा सेन्सर थेट लावू नका.

काही चाललं नाही तर आधी कोडला हात लावू नका. मीटरने पुरवठा मोजा, मग ग्राउंडची कंटिन्युटी, मग पिनवरचं व्होल्टेज. कोड शेवटी. काही लांब ब्रेडबोर्डांची पुरवठ्याची पट्टी मध्येच तुटलेली असते, तेही बघा. प्रोग्रॅमचा तर्क तपासायला सिम्युलेटर खुशाल वापरत राहा.

आणि सर, मॅडम, प्रयोगशाळेतले बोर्ड कपाटात कुलूपबंद ठेवू नका. लांब चिपवाल्या उनोत चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते; जळली तर बूटलोडर टाकलेली दुसरी चिप बसवता येते. मुलांच्या हातात बोर्ड द्या.