बरणीतला भेक

एका अंगास रे रोडच्या वखारी, दुसऱ्या अंगास भायखळ्याची अष्टौप्रहर रहदारी आणि मधली बहुतेक जमीन चाळींनी व फरशांनी व्यापलेली, अशा घोडपदेवात मृगाच्या पहिल्या सरीबरोबर बेडूक येतात तरी कोठून, हा प्रश्न आमच्या वाडीत दरसाल नव्याने निघतो. आणि त्याचे खरे उत्तर असे की ते कोठूनही येत नाहीत, येथेच विटांच्या फटींत आणि कुंड्यांखालच्या ओलीत उन्हाळा काढून, पाऊस पडताच फक्त हजेरी लावतात.

यंदा शेजारच्या बिऱ्हाडातल्या चिरंजीवांनी असा एक हजेरीदार लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून माझ्यापुढे ठेवला आणि, “काका, हा कुठला बेडूक? आणि मी पाळू का?” अशी दुहेरी कैफियत मांडली. पहिल्या प्रश्नाचा निवाडा नीट झाला म्हणजे दुसरा बहुधा आपोआप निकालात निघतो, या समजुतीने मी आधी चष्मा लावला. कोरडी, पुटकुळ्यांनी भरलेली कातडी, डोळ्यांच्या वरून गेलेल्या काळ्या कडा, त्यांच्या मागे घेवड्याच्या दाण्याएवढ्या फुगीर विषग्रंथी आणि लांब उडीला निरुपयोगी असे आखूड पाय: म्हणजे हा भेक, ज्याची नोंद श्नायडर नावाच्या जर्मन पंडिताने 1799 सालीच शास्त्राच्या दफ्तरात करून ठेवली आहे. त्याच पंडिताने त्याच साली नोंदविलेला दुसरा बेडूक डबक्यात केवळ डोळे वर ठेवून तरंगतो आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठावरून टप्पे घेत पसार होतो; बोटांच्या टोकांशी चकत्या असलेला, भिंत चढणारा वृक्षमंडूक पाहावयाचा तर आरे किंवा बोरिवलीकडे जावे. ज्यांना अधिक खोलात शिरावयाचे आहे त्यांच्यासाठी जे. सी. डॅनियल यांनी 1963 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पश्चिम भारतातील उभयचरांची ओळख क्रमशः लिहिली.

परंतु पावसाळ्याचा खरा मानकरी तो मोठा बेडूक, ज्याचा नर विणीच्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे स्वरकोश फुगवून रात्र दणाणून सोडतो. त्याच्या तंगड्या परदेशी ताटांसाठी वर्षानुवर्षे बोटींतून जात होत्या. हुमायून अब्दुलअली यांच्यासारख्या निसर्गाभ्यासकांनी याविरुद्ध सातत्याने आवाज उठविला आणि 1987 साली निर्यातीवर बंदी आली. गोव्यात मात्र ‘जंपिंग चिकन’ या नावाखाली त्याची चोरटी शिकार अजून चालते, आणि हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीबद्दल मला फारसा आदर वाटत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळून चिरंजीवांना मी सांगितले की, बाळा, हा बरणीतला प्राणी तोंडाने पाणी पीत नाही, ते पोटाच्या कातडीवाटे शोषून घेतो, आणि श्वासही काही अंशी त्याच कातडीतून घेतो. त्यामुळे बरणीतले साचलेले पाणी, नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि तुझ्या हाताचा साबण हे सारे त्याच्या अंगात उतरते. शिवाय तो हलते तेवढेच खातो. मेलेली माशी नाकाशी ठेवली तरी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. मग मोरीजवळ एक झुरळ निघाले, म्हणून बरणी आडवी केली. भेक किंचित पुढे झुकला, मागच्या पायाचे एक बोट थरथरले, जीभ दिसलीच नाही, फक्त झुरळ नाहीसे झाले. आणि गिळताना त्याचे दोन्ही डोळे कवटीत आत बुडाले, कारण घास घशाकडे लोटावयास त्याला डोळ्यांच्या गोलकांचीच मदत लागते. मुलगा इतका वेळ गप्प बसल्याचे मी प्रथमच पाहिले. बरणी उभी असती, तर यातले काहीच दिसले नसते.

आजीबाईंच्या मते एव्हाना मुलाच्या हातांवर चामखिळी उगवावयास हव्या होत्या. तसे काही होत नाही. विषग्रंथीतला द्रव मात्र डोळ्यांत जाऊ नये, म्हणून हात स्वच्छ धुवावेत, आणि वाडीतल्या कुत्र्याने भेकाला तोंडात धरू नये इतकी दक्षता पुरे.

तडजोड अशी झाली की भेकाने नळाखालची आपली जुनी वहिवाट चालू ठेवावी, आणि चिरंजीवांनी तेथे मातीची एक उथळ परळ पाण्याने भरून ठेवावी, ती मात्र रोज सकाळी न चुकता उपडी करून. कारण साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणारा महानगरपालिकेचा माणूस वाडीत केव्हाही येतो, आणि भेकाच्या वतीने दंड भरावयास चिरंजीवांचे आईवडील तयार नाहीत.