झोपेचे सोंग बंद करा!

जुलैचा शेवटचा आठवडा. चकलांबा गावातल्या सेवा केंद्राच्या पायऱ्यांवर सकाळी आठपासून माणसे बसली आहेत. हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. पीक विम्याची मुदत 31 जुलैला संपते आणि लाइट पहाटेच गेली आहे. केंद्रचालक पोरगा गाडीवरून उतरतो, पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप काढतो आणि त्याचा चेहरा पडतो. रात्री शंभर टक्के चार्ज करून झाकण लावलेले यंत्र तव्यासारखे तापले आहे. बॅटरी चार टक्के. “मावशी, लाइट आली की पहिला तुमचाच फॉर्म भरतो.” खुरपणीचा रोज बुडवून आलेली मावशी पदराने घाम पुसते. “आरं बाबा, कालबी आसंच म्हन्ला व्हतास.”

दोष त्या पोराचा नाही. एकट्या विजेचाही नाही. वीज नसताना चालावे म्हणूनच तर लॅपटॉप घेतला होता. दोष आहे तो झाकणाखाली जागे राहणारे यंत्र घडवून विकणाऱ्यांचा.

झाकण लावले की लॅपटॉप झोपतो, अशी आपली समजूत आहे. एके काळी तो खरोखर झोपत असे. एस-थ्री नावाच्या त्या झोपेत प्रोसेसरची वीज तुटायची, फक्त रॅमपुरती धुगधुगी राहायची. दोन दिवसांनी झाकण उघडले तरी काम जिथे सोडले तिथून सुरू. मग मायक्रोसॉफ्टने 2012 साली विंडोज 8 बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणले आणि 2015 साली विंडोज 10 मध्ये त्याचे ‘मॉडर्न स्टँडबाय’ केले. लॅपटॉप मोबाइलसारखा क्षणात उठावा, झोपेतही मेल येत राहावेत, हा हट्ट! या व्यवस्थेत यंत्र झोपत नाही, पडदा काळा करून नुसते पडून राहते. आणि पुढे उत्पादकांनी कितीतरी मॉडेलांच्या बायोसमधून, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून, जुनी, खरी झोप काढूनच टाकली. कोणाला विचारून? चकलांब्याच्या केंद्रचालकाने रात्री दोन वाजता मेल हवेत असा अर्ज केव्हा दिला होता?

अशा अर्धवट निजलेल्या यंत्राला उठवायला टचपॅड पुरेसा होतो. बोट फिरवायची ती पट्टी आता साधी पट्टी राहिलेली नाही. तिच्या पोटात स्वतःची चिप आहे, त्या चिपचे स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे तिच्यातच भरलेले सॉफ्टवेअर, आहे. आय-टू-सी नावाच्या दोन तारांवरून ती मुख्य बोर्डाशी बोलते आणि तिसरी एक तार हाक मारण्यासाठी असते. बोट टेकले की टचपॅड या तारेवरून हाक देतो. झोपेच्या वेळी या हाकेला यंत्राने उठायचे की नाही, ते बायोसमधल्या तक्त्यात लिहिलेले असते. झाकण मिटल्याचे चुंबकाशेजारच्या सेन्सरला तत्काळ कळते. त्याच क्षणी या हाकेकडे यंत्राचे कान बंद करणे, हे फर्मवेअर आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे कर्तव्य. एवढे एकच! ते चुकले की रजिस्टरांखाली दबलेले झाकण टचपॅडवर टेकते, गेवराईच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली की पुन्हा टेकते, आणि दर वेळी यंत्र दचकून उठते. बॅगेत हवा नाही. पंखा घरघरत राहतो, बॅटरी उतरत जाते, आणि पाठीला ऊब लागेपर्यंत मालकाला पत्ता नसतो.

कोणी म्हणेल, हा खेड्यातल्या धुळीचा आणि आडदांड वापराचा परिणाम. साफ खोटे! लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एक यादीच आहे: अमुक मॉडेलवर अमुक तारेची हाक ऐकू नये. क्लेव्हो या तैवानी उत्पादकाच्या काही मॉडेलांची त्यात नोंद आहे, कारण तिथे टचपॅडची हाकेची तार विनाकारण यंत्र उठवते. ज्यांनी ते फर्मवेअर लिहिलेच नाही, त्या माणसांना परक्याच्या चुकीवर मॉडेलचे नाव घालून एकेक ठिगळ लावावे लागले. ही धुळीची करामत नव्हे. हा कारखान्यातून डब्यात बंद होऊन आलेला दोष आहे.

आणि जिथे यंत्र बळेच उठत नाही, तिथे उलटा छळ. यंत्र उठते, टचपॅड उठत नाही. जाग येताच ड्रायव्हरने टचपॅडला ‘चालू हो’ असा हुकूम द्यायचा, मग रीसेट करायचे आणि टचपॅडने पोच द्यायची, अशी रीत आहे. काही टचपॅड पोच देतच नाहीत, काही खोटीच हाक मारतात. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठीही वेगळे अपवाद लिहून ठेवले आहेत. पडद्यावर बाण गोठलेला, सरकारी पोर्टलवरचे लॉगिन संपत आलेले, भरलेला फॉर्म रीस्टार्टमध्ये वाहून जाणार. आमच्याच कार्यालयातला एक लॅपटॉप असा वारंवार मुका होई. दुरुस्तीवाल्याकडे नेला. “विंडोज मारून देतो,” म्हणाला. मारून दिले. चार दिवसांत पुन्हा तेच. मग सल्ला मिळाला: “बाहेरून माऊस लावा ना!” बैल लंगडा विकायचा आणि वर सांगायचे की दुसरा बैल आणा!

उपाय म्हणून कंपन्या बायोस अपडेटकडे बोट दाखवतात. ते करताना चार्जर जोडलेला हवा आणि मध्येच यंत्र बंद पडता कामा नये; पडले तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती. जिथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि बॅटरी तर त्याच दोषाने रिकामी झालेली, तिथे हा उपाय सांगणे हा निव्वळ उद्दामपणा आहे. शिवाय टचपॅडचे फर्मवेअर वेगळे, बायोस वेगळा, ड्रायव्हर आणखी वेगळा. प्रत्येकाचा धनी दुसरा, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा.

2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे सहा क्विंटल कापूस: पेरलेला, खुरपलेला, वेचलेला. एवढे मोजून घेतलेल्या यंत्राला रात्रभर गप्प निजता येत नसेल, तर ते सदोष आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कलम 84 प्रमाणे रचनेतल्या दोषालाही उत्पादक जबाबदार आहे. हे कलम फक्त फुटलेल्या प्रेशर कुकरसाठी लिहिलेले नाही. ग्राहक संघटनांनी ते आता या यंत्रांवर चालवावे.

तोवर केंद्रचालकांनी झाकणावर विसंबू नये. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ होईल असे ठरवून घ्यावे. बऱ्याच यंत्रांवर हा पर्याय लपवलेला असतो, तो आधी सुरू करावा लागतो. त्यात चालू काम डिस्कवर लिहिले जाऊन यंत्र खरोखर बंद होते. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, तो लागू द्या. पण मालकाने पळवाट शोधायची आणि विकणाऱ्याने निवांत राहायचे, हे आम्ही चालू देणार नाही. तलाठ्यांपासून शाळांपर्यंत सरकारी पैशाने लॅपटॉप घेतले जातात. त्या प्रत्येक निविदेत शासनाने अट घालावी: झाकण मिटल्यावर टचपॅडने यंत्र उठता कामा नये, बायोसमध्ये खऱ्या झोपेचा पर्याय मालकाच्या हाती असावा, आणि चार्ज केलेला लॅपटॉप एक रात्र बॅगेत ठेवून, सकाळी बॅटरी मोजून, मगच बिल मंजूर व्हावे. पुढचा 31 जुलै यायच्या आत हे झाले पाहिजे.