विंच कायमचा की काढता-घालता?

काही जीपगाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये बसविलेला विंच तुम्ही पाहिला असेल. विहिरीवरच्या रहाटाचाच हा नातेवाईक. दोर गुंडाळणारा ढोल, त्याला फिरविणारी विजेची मोटर आणि दोहोंच्या मध्ये वेग कमी करून ओढ वाढविणारी दंतचक्रे, एवढाच त्याचा संसार. गाडी चिखलात रुतली की दोराचे टोक बळकट झाडाला बांधायचे आणि मोटर सुरू करायची. ढोलावर दोर गुंडाळला जातो व गाडी स्वतःलाच ओढून काढते.

कोल्हापूर जिल्ह्यात असे प्रसंग थोडे नाहीत. शिरोळच्या काळ्या रानात दुधाची पिकअप रुतते, गगनबावड्याकडच्या घाटात भर पावसात झाड आडवे पडते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कित्येक रस्त्यांवर गाळ साचला होता. (उसाने भरलेली ट्रॉली मात्र जीपच्या विंचला पेलणारी नव्हे, तिथे दुसरा ट्रॅक्टरच जोडावा लागतो.) तेव्हा विंच हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो, तो गाडीला कायमचा जोडावा की लागेल तेव्हा अडकवावा, याबद्दल. बहुतेक हौशी मंडळी पहिल्या पक्षाची असतात. माझे मत असे की, विंचचे घर गाडीवर कायमचे असावे आणि विंच काढता-घालता असावा.

कोल्हापूरकरांना ही कल्पना नवी वाटू नये. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव राज्यभर प्रसिद्ध आहे. त्याचे खांब आणि खांबांतील खाचा कायमच्या असतात. पावसाळा सरला की खाचांत बरगे घालून पाणी अडवितात आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ते काढून घेतात. बरगे तसेच राहिले तर पुराचे पाणी तुंबेल व गाळ साठेल. विंचचे काम वर्षातून चार-दोन वेळा पडते. उरलेले दिवस तो गाडीवर काय करतो, हे पाहण्यासाठी थोडे गणित करू.

पोलादी दोरासह मध्यम विंचचे वजन सुमारे 40 किलो भरते. गाडीच्या दोन आसांतील अंतर 240 सें.मी. आणि विंच पुढच्या आसाच्या 60 सें.मी. पुढे आहे, असे धरा. आता तरफेचा नियम लावा. मागच्या आसाभोवती परिबल काढले तर 40 ला 300 ने गुणून 240 ने भागावे लागते, म्हणजे पुढच्या चाकांवर 50 किलोंचा जादा भार येतो. वजन 40 आणि भार 50! वरचे 10 किलो कोठून आले? ते मागच्या चाकांवरून उचलले गेले. पुढच्या स्प्रिंगा दबतात, मागची चाके तेवढी हलकी होतात आणि हा बोजा गाडी रोज बाजारहाटालाही वाहून नेते.

याहून महत्त्वाचा मुद्दा दिशेचा आहे. गाडी रुतते तेव्हा कठीण जमीन बहुधा मागे असते, कारण गाडी तिथूनच आलेली असते. पुढच्या बंपरमधला विंच तिला पुढे, म्हणजे आणखी चिखलाकडे ओढणार! गाडीला पुढे व मागे अशी दोन घरे असली तर एकच विंच दोन्हीकडे चालतो. घरांचे माप सर्वांनी एक ठेवले तर तो शेजाऱ्याच्या गाडीलाही चालेल. ट्रॅक्टरच्या मागे तीन बिंदूंची जोडणी असते. तिची मापे ठरलेली असल्यामुळेच एका कारखान्याचा नांगर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बसतो. गावात चार जणांनी मिळून एक विंच घेतला तर काय बिघडले?

कायद्याचीही बाजू आहे. गाड्यांपुढे लावलेले क्रॅश गार्ड हे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चा भंग आहेत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळविले. पादचाऱ्याला अशा लोखंडाची धडक जीवघेणी ठरते. विंचसाठी बसविलेला जाड पोलादी बंपर मला त्याच जातीचा वाटतो. घर बसवितानाही परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे, हे उत्तम.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. त्यांचा विजेचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. पूर्ण ओढीच्या वेळी असा विंच 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 400 अँपिअर प्रवाह घेतो. काढत्या विंचच्या तारांत एक प्लग वाढतो. त्याचा रोध ओहमचा हजारावा भाग असला, तरी 0.4 व्होल्ट तिथे खर्ची पडतात व 160 वॉट उष्णता निर्माण होते. प्लगला गंज चढून रोध पाचपट झाला आणि प्रवाह तेवढाच राहिला, तर 2 व्होल्ट गेले आणि उष्णता झाली 800 वॉट, म्हणजे घरातल्या इस्त्रीएवढी! प्लग वितळायला तेवढी पुरे. शिवाय गुडघाभर चिखलात 40 किलोंचे धूड उचलून घरात बसविणे सोपे नाही. पोलादाऐवजी कृत्रिम धाग्यांचा दोर घेतला तर वजन बरेच उतरते, तरी दोन माणसे लागतातच. म्हणून अग्निशमन दल, वनखाते, बचाव पथके यांच्या गाड्यांवर विंच कायमचाच हवा, कारण तिथे मिनिटे मोजावी लागतात. गोव्यात 2014 साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या शर्यतींचेही तेच. पण शर्यतीची गाडी पाहून शेतावरच्या गाडीचा निर्णय करणे मला पटत नाही.

उद्यमनगरातले कारागीर हे घर सहज बनवितील. मात्र ते बंपरला न जोडता चॅसिसलाच बोल्टांनी जोडलेले असावे. विंच अडकविणाऱ्या 16 मि.मी. जाडीच्या खिळीवर चार हजार किलोंची ओढ येऊ शकते, तेव्हा तिच्या जागी हाताशी असलेला कोणताही बोल्ट ठोकून चालणार नाही. मे अखेरीस बंधाऱ्यांचे बरगे निघू लागतात. त्याच सुमारास विंच बाहेर काढावा, दोर पूर्ण उलगडून तपासावा, प्लगची टोके घासून स्वच्छ करावीत, आणि तो पावसाळाभर गाडीवर राहू द्यावा.