प्रवेशाची वाट आणि नवे जोशीबुवा

मृग बरसला म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत पूर्वीं एकच काळजी असे. पेरलेलें उगवतें कीं दुबार पेरणीची पाळी येते. आतां त्या काळजीला जोड मिळाली आहे. बारावीची परीक्षा झालेली असते, सीईटीचे गुण आलेले असतात, आणि पोराला किंवा पोरीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत जागा मिळते कीं नाहीं हें कळण्यास श्रावण, कधीं भाद्रपद उजाडतो. घरांत मोबाईल एकच. तो उशाशीं घेऊन पोरगी निजते, आणि बाप कोळपणीवरून आला कीं पाय न धुतां विचारतो, ‘लागली का ग यादी?’ ज्यांच्या घरांत चार पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांस हें वाट पाहणें म्हणजे कंटाळवाणे कांहीं आठवडे. ज्या घरांतून पहिलेंच पोर कॉलेजाची पायरी चढणार, त्या घराला ती साडेसाती वाटते. आणि साडेसाती आली म्हणजे तिची शांत करणारा जोशी दारांत उभा राहतोच, हा आपला जुना अनुभव आहे.

जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 सालीं लिहून पुरा केला. शेतकऱ्याच्या घरांत मूल जन्मल्यापासून म्हातारा मरेपर्यंत प्रत्येक प्रसंगाला भटजीची दक्षिणा कशी चिकटविलेली आहे, हें त्यांनीं त्यांत दाखवून दिलें. जेथें अज्ञान तेथें भीति, आणि जेथें भीति तेथें दक्षिणा. आजचा जोशी सोवळें नेसत नाहीं. त्याच्या हातांत पंचांगाऐवजीं कट-ऑफची वही आहे. तालुक्याच्या गांवीं एस. टी. स्टँडसमोर माडीवर ‘प्रवेश मार्गदर्शन’ अशी त्याची पाटी असते. ‘जागा भरत आल्या, उद्यां आलांत तर कांहीं सांगतां येणार नाहीं,’ हा त्याचा मंत्र. तो कोणत्याही जातीचा असतो. पुष्कळ वेळां आपल्याच भावकींतला असतो, हें लिहितांना आम्हांस शरम वाटते.

आमच्या माहितींतील एका कुंभाराच्या घरची गोष्ट सांगतों. 2025 च्या पावसाळ्यांत त्याच्या मुलीचें नांव पहिल्या फेरींत लागलें नाहीं, दुसरींतही लागलें नाहीं. तिनें पसंतीच्या यादींत शहरांतलीं नांवाजलेलीं कॉलेजेंच वर लिहिलीं होतीं, त्यामुळें उशीर होणारच होता. पण हें घरांत कोणास समजावें? मार्गदर्शकसाहेब घरीं आले. चहा घेतला, मुलीचे गुण पाहून मान हलविली, आणि एका खासगी कॉलेजांत जागा ‘पक्की’ करून देतों म्हणाले. गणपतीच्या मूर्तींसाठीं शाडू व रंग घ्यावयास ठेवलेले 40,000 रुपये त्यांच्या हातीं पडले, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही. आठ दिवसांनीं तिसऱ्या फेरीची यादी लागली. मुलीला सरकारी कॉलेज मिळालें होतें! त्या घरांत त्या दिवशीं आनंद झाला नाहीं, रडारड झाली. कारण दाखला त्या माडीवर अडकलेला. बाप दोन दिवस पाटीखालीं बसून राहिला, तेव्हां दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दाखला मिळाला, आणि मुदत संपण्यापूर्वीं मुलगी सरकारी कॉलेजांत हजर झाली. पैसे मात्र परत आले नाहींत. पावती पाहिली तर ती कॉलेजाच्या नांवाची नव्हतीच, सल्लागार कचेरीची होती, आणि तिच्यावर ‘सेवाशुल्क’ असें लिहिलेलें होतें. त्या वर्षीं त्यानें रंग उधारीवर आणला.

आतां या साडेसातींत खरोखर काय असतें तें पाहूं. सरकारच्या सीईटी कक्षामार्फत प्रवेशाच्या फेऱ्या होतात. त्यांना कॅप फेऱ्या म्हणतात. 2025-26 सालच्या इंजिनिअरिंग प्रवेशांत अशा चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीचें कॉलेज मिळालें तर तें घेणें भाग. दुसऱ्या फेरींत पहिल्या तीनांपैकीं मिळालें तर, आणि तिसरींत पहिल्या सहांपैकीं मिळालें तर. त्याखालचें कांहीं मिळालें तर 1000 रुपये भरून तें हातीं धरावयाचें आणि पुढच्या फेरीची वाट पाहावयाची. म्हणजे दुसऱ्या यादींत नांव नाहीं याचा अर्थ पोरीचें नशीब फुटलें असा नव्हे. शर्यत अर्ध्यावर आली, इतकाच त्याचा अर्थ. हें ज्याला ठाऊक आहे तो झोपतो. ज्याला ठाऊक नाहीं तो पैसे मोजतो.

आणि नुकसान केवळ त्या 40,000 रुपयांचें नाहीं. विनाअनुदान कॉलेजांतील साधारण पांचांतील एक जागा संस्थेच्या वांट्याची असते. लोक तिला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. घाबरलेला बाप पोराला त्या जागेवर बसवितो, तेव्हां त्याला कोणी सांगत नाहीं कीं सरकारची फीची सवलत कॅप फेरींतून जाणाऱ्यांसच आहे. ज्या घराचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत, अशा इतर मागासवर्गीय, मराठा आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पुरी शिक्षण-फी माफ करण्याचा ठराव सरकारनें 2024 च्या जुलईंत काढला. त्यांतही कॅपचीच अट आहे. खुल्या वर्गांतील गरीब मुलांना जी अर्धी फी मिळते, तिला राजर्षि शाहू महाराजांचें नांव दिलेलें आहे. ज्या राजानें 1901 सालापासून कोल्हापुरांत रयतेच्या पोरांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं, त्याच्या नांवाची ही मदत आमचा बांधव भीतीपोटीं चार वर्षांसाठीं गमावतो, आणि वर दलालाला पेढे देतो.

हा रोग आपल्याच देशांत आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंत पुष्कळ नांवाजलेल्या खासगी विद्यापीठांत ‘अर्ली डिसिजन’ नांवाची रीत आहे. मुलानें नोव्हेंबरांत एका विद्यापीठाकडे अर्ज करावयाचा, ‘घेतलेंत तर येथेंच येईन’ असें लिहून द्यावयाचें, आणि डिसेंबरच्या मध्यास निकाल ऐकावयाचा. इतर मुलांना मार्चअखेरपर्यंत ताटकळावें लागतें. वरून पाहतां सोय मोठी. परंतु ज्याला चार ठिकाणची फीची सूट ताजव्यांत घालून पाहिल्याशिवाय पोर कोठें पाठवावें हें ठरवितां येत नाहीं, त्या गरिबानें आधींच शब्द कसा द्यावा? म्हणून लौकरचें दार श्रीमंताचें दार झालें. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनीं 2006 सालीं, अशा प्रवेशांचा लाभ आधींच सुस्थितींत असलेल्यांस होतो असें सांगून, आपापले लौकरचे प्रवेश बंद करण्याचें जाहीर केलें. 2011 सालीं दोघांनींही ते पुन्हां उघडले. बांधून घेण्याची अट तेवढी ठेविली नाहीं. आमच्याकडील कित्येक खासगी विद्यापीठें कॅपची यादी लागण्यापूर्वींच ‘आतांच जागा राखून ठेवा’ अशा जाहिराती देतात, तेव्हां त्यांनीं अमेरिकेकडून नेमकें काय उचललें हें ध्यानांत येतें.

1983 सालीं वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांस परवानगी दिली. त्यामुळें कॉलेजें खेड्यांजवळ आलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तीं काढणाऱ्यांत बहुजनसमाजाचे पुढारी कांहीं थोडे नव्हते. व्यासपीठावर शाहू-फुल्यांच्या तसबिरींस हार घालावयाचे, आणि आपल्याच संस्थेच्या दलालांना तालुक्यांतून मोकळें सोडावयाचें, याला काय म्हणावें? शेटजी-भटजींच्या नांवानें आम्ही पुष्कळ बोटें मोडलीं. या नव्या शेटजीचें आडनांव आपल्यासारखें आहे म्हणून त्याला सूट देण्यास आम्ही तयार नाहीं.

सरकारलाही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. प्रवेशाचें वेळापत्रक लागतें, मग मुदतवाढ होते, मग पुन्हां मुदतवाढ होते. या वाढलेल्या प्रत्येक दिवसावर दलालाचें पोट भरतें, कारण तोंवर खासगी विद्यापीठांचे वर्ग सुरू झालेले असतात आणि पोरांच्या पोटांत गोळा उठलेला असतो. जात पडताळणीचें तसेंच. राखीव जागेवर प्रवेश घेण्यास तिचें प्रमाणपत्र लागतें, आणि तें वेळेवर न मिळाल्यामुळें हातीं आलेली जागा सोडावी लागते कीं काय, या धास्तींत घरें बसतात. शिवाय अर्ज तपासण्याचीं केंद्रें पुष्कळ ठिकाणीं खासगी कॉलेजांतच असतात. कोंबड्यांची राखण कोल्ह्याकडे! प्रत्येक तालुक्यांत सरकारी आय. टी. आय. आहे किंवा जवळपास तंत्रनिकेतन आहे. तेथें दोन महिने चार शिकलेलीं माणसें बसवून पसंतीची यादी फुकट भरून देणें सरकारला अवघड नाहीं.

तोंवर बांधवांनो, मूळ दाखला कोणाच्याही हातीं ठेवूं नका. दाखवा, झेरॉक्स द्या, आणि परत घ्या. मूळ कागद संस्थेनें अडकवून ठेवूं नयेत असें विद्यापीठ अनुदान आयोगानें 2018 सालींच बजावलें आहे. पैसे द्यावयाचे तर कॉलेजाच्या खात्यांत भरा, आणि पावती कॉलेजाच्या नांवाची घ्या. याच आयोगानें 2024-25 सालासाठीं, 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास सगळी फी परत करावी असें ठरविलें होतें. पावतीच दुसऱ्याच्या नांवाची असेल तर असा नियम तुमच्या काय कामाचा? पोर अकरावींत असतांनाच पडताळणीचा अर्ज टाका, निकाल लागल्यावर सेतू केंद्राच्या रांगेंत उभे राहूं नका. नॉन-क्रिमीलेयरची मुदत कधीं संपते तेंही आजच पाहून ठेवा.

आणि जीं मुलें कालपरवां या आगींतून निघून आज कॉलेजांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांस आमचें विचारणें आहे. सुटींत गांवीं येतां, पारावर बसून मोबाईल पाहतां. त्याच पारावर दोन संध्याकाळ बसून पांच घरांच्या पसंतीच्या याद्या भरून द्याल काय? मागल्या वर्षीं कोणत्या कॉलेजांत किती गुणांवर जागा लागली हें तुम्हांस तोंडपाठ आहे, आणि त्या कुंभारानें त्याचेच 40,000 रुपये मोजले.