विश्लेषण : लेनॉक्स लुइसबाबत चाहत्यांचे एकमत का होत नाही?

हेवीवेट बॉक्सिंगचा माजी जगज्जेता लेनॉक्स लुइस २००४ मध्ये निवृत्त झाला, पण त्याच्या अखेरच्या लढतीचा वाद चाहत्यांमध्ये अजून शमलेला नाही. जून २००३ मध्ये लॉस एंजेलिसला व्हिताली क्लिच्कोविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर लुइस ५६-५८ असा मागे होता. क्लिच्कोच्या डोळ्यावर खोल जखम झाल्याने लढत थांबली आणि लुइस विजयी ठरला. क्लिच्कोला पुन्हा लढायचे होते. लुइसने मात्र ग्लोव्ह्जच उतरवले. तो घाबरला, असे टीकाकार म्हणतात. हा आरोप फारसा टिकत नाही. एक तर ती जखम लुइसच्याच ठोशाची होती. शिवाय कारकीर्दीत तो मॅककॉल आणि रहमान या दोघांकडूनच हरला, आणि दोघांनाही त्याने पुन्हा गाठून हरवले. निवृत्तीवेळी तो ३८ वर्षांचा होता. त्याचा जुना प्रतिस्पर्धी इव्हँडर होलिफील्ड ४८व्या वर्षीही रिंगणात उतरत होता.