आराखडा आला म्हणता, पण कोणता?



मागच्या बैठकीत एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याने आमच्या हातात एक कागद ठेवला. आपल्याच भागातल्या एका शहराच्या हद्दीत त्याची सव्वा एकर बाग आहे. धाकट्या मुलासाठी बागेच्या कडेला दोन खोल्या बांधाव्यात म्हणून त्याने परवानगी मागितली. उत्तर आले की या गटातील तीस गुंठे 'क्रीडांगण' म्हणून आरक्षित आहेत, सबब परवानगी देता येत नाही. आरक्षण पडून नऊ वर्षे झाली होती. राजपत्रात नोटीस आली होती, वर्तमानपत्रात आली होती, कार्यालयाच्या भिंतीला नकाशाही टांगला होता. त्या दिवसांत हा गडी बागेसाठी टँकर शोधत हिंडत होता. म्हणाला, "आराखडा झाला एवढं कानावर आलं होतं. मला वाटलं, नाल्या न् दिव्याचा असंल."

त्याला हसू नका. आपल्यापैकी निम्म्यांना हेच वाटते. आपण ही गोष्ट तीर्थपुरीच्या बैठकीत मांडतो आहोत त्यालाही कारण आहे. तीर्थपुरी ग्रामपंचायत होती तेव्हा 'आराखडा' म्हणजे ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा. वित्त आयोगाचे पैसे किती, त्यातून नाली कुठली, पाण्याची टाकी कुठली, एवढाच त्याचा जीव. तो फसला तर नाली फसते, जमीन जागेवर राहते. २०२१-२२ च्या निवडणुकीत घनसावंगी, मंठा, बदनापूर, जाफ्राबाद यांच्यासोबत तीर्थपुरीनेही नगरपंचायतीसाठी मतदान केले. त्या दिवसापासून त्याच शब्दाचा अर्थ बदलला. नगरपंचायत ही कायद्याने नियोजन प्राधिकरण असते आणि तिने करायची 'विकास योजना' ही पैशाची यादी नसून जमिनीचा नकाशा असतो. शब्द एकच राहिला आणि आतला माल बदलला. आपला गट नंबर त्या नकाशात कोणत्या रंगाखाली गेला हे आपल्याला घर बांधायच्या वेळी कळते.

हे सगळे ज्या कायद्याने चालते तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यात योजनांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. बियाण्याची पिशवी आपण वाण वाचल्याशिवाय घेत नाही, मग योजनेचे नाव तरी वाचायला नको काय?

सगळ्यात मोठी ती प्रादेशिक योजना. ती एका गावाची नसते. जिल्हा किंवा त्याहून मोठा मुलूख घेऊन शेती कुठे राहील, वस्ती कुठे वाढेल, कारखाने कुठे येतील, रस्ते कुठून जातील हे ती ठरवते. मंत्रालयाच्या उंचीवरून काढलेले हे चित्र असल्यामुळे शेतकऱ्याला ते आपले वाटत नाही. गोव्यात काय झाले ते पाहा. तिथला कायदा वेगळा आहे, पण जात हीच. प्रादेशिक योजना २०११ ही २००६ साली जाहीर झाली. डोंगर आणि भातशेती वस्तीच्या रंगात गेली आहे हे लोकांनी नकाशे उघडून गावोगाव दाखवले, रस्त्यावर आले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. घोषणा त्यांनी दिल्याच, पण आधी नकाशा वाचला होता.

दुसरी जात नवनगराची. सरकार एका मंडळाला विकास प्राधिकरण नेमते आणि ते मंडळ गावेच्या गावे घेऊन नवे शहर वसवते. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन गेली. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. ती साडेबारा टक्के कोणी खुशीने दिलेली नाही, हे आपल्या पोरांना सांगून ठेवा.

आता आपल्या दारातली, म्हणजे विकास योजना. नगरपंचायतीच्या हद्दीपुरती ही असते. आधी ठराव करून इरादा जाहीर होतो. मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते, नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकती मागवतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी शासन मंजुरी देते. आपण सगळे जागे होतो ते हरकतीच्या वेळी, फार झाले तर मंजुरीनंतर. आमचे म्हणणे असे की खरी लढाई दुसऱ्या पायरीवर आहे, विद्यमान वापराच्या नकाशावर.

का ते सांगतो. परभणीला कृषी पदवी घेताना आम्हाला खड्डा खणून मातीचे थर मोजायला शिकवले होते. वरून काळी दिसणारी जमीन कुठे हातभर खोल असते, कुठे पुरुषभर. त्या नकाशावर ही खोली कुठे दिसत नाही. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, वीस वर्षांची मोसंबी आणि बांधापलीकडचा मुरमाड माळ, तिन्ही एकाच फिक्या हिरव्या रंगात जातात. वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती 'मोकळी जागा' दिसते. मग बाग, शाळा, बाजार, कचरा डेपो यांची आरक्षणे नेमकी सपाट, रस्त्यालगतच्या, कसदार तुकड्यावर पडतात. माळावर पडत नाहीत, कारण माळाला रस्ता नाही. विहीर, पाईपलाईन, ओढ्याला मिळणारी चर, पाणंद या गोष्टी नकाशावर आल्याच नाहीत तर आखणारा त्या विचारात कशा घेणार? तो वाईट माणूस असतो असे नाही. त्याच्यापुढे कागद जसा येतो तसा तो आखतो.

ओढ्यांचे तर विचारू नका. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने जे केले ते सगळ्यांनी सोसले. त्यातले किती पाणी बुजवलेल्या नाल्यांनी शेतात लोटले? आणि नाले बुजवले कोणी? योजना नसलेल्या गावात गुंठेवारी करून स्टँपवर प्लॉट विकणारे बहुतेक दलाल आपल्यातलेच आहेत. तेव्हा योजनाच नको असे आम्ही म्हणणार नाही. वाढत्या गावाला रस्ता हवा, स्मशान हवे, दवाखाना हवा, ऊसतोडीवरून परतणाऱ्या माणसाला घराची जागा हवी. ही जमीन कोणाची तरी जाणारच. ती कोणाची, किती आणि कोणत्या भावाने, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या पट्ट्यात आरक्षण म्हटले की डोळ्यांपुढे वेगळेच उभे राहते. या आरक्षणासाठी मात्र कोणी उपोषणाला बसत नाही, ते न मागता मिळते. मिळाले तरी सातबारा तुमच्याच नावावर राहतो आणि पीक घेता येते. शेतीसाठी विहीर खणायला किंवा निव्वळ शेतात जाण्यापुरता रस्ता करायला या कायद्याच्या कलम ४३ खाली परवानगी लागत नाही. कोणी अडवले तर ते कलम दाखवा. अडते ते बांधकाम. त्यामुळे गिऱ्हाईक फिरकत नाही आणि पोरांच्या वाटण्या लटकतात.

भावाचा मुद्दा त्याहून बोचरा आहे. आरक्षित जमीन घ्यायची तर वाटाघाटीने पैसे, किंवा टीडीआर, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला, असे मार्ग आहेत. टीडीआरला पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक असते. आपल्याकडे तो कागद कोण घेणार? राहिला २०१३ चा कायदा. त्यात ग्रामीण भागात बाजारमूल्याला २ पर्यंत गुणक लागू शकतो, शहरी भागात गुणक १ च. वर तितकीच दिलासा रक्कम. हिशेबापुरते एकराचे बाजारमूल्य १० लाख धरा. गुणक २ असेल तर ग्रामीण शेतकऱ्याला ४० लाख, शहरी ठरलेल्याला २०. शहर झाल्यावर भाव वाढतो, त्यात हे भरून निघते असे सांगतात. निघेलही, पण बाजारमूल्य काढताना सरकारी दरतक्ता आणि मागच्या तीन वर्षांतली खरेदीखते पाहतात. मुद्रांक वाचवायला खरेदीखतात निम्मी रक्कम लिहिण्याची आपली जुनी खोड आहे. त्या निम्म्यावरच उद्या शेजाऱ्याचा मोबदला ठरतो.

चौथी जात नगररचना परियोजना. विकास योजनेच्या आत एखाद्या पट्ट्यापुरती ती करतात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते व सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेल्यातून प्रत्येकाला आखीव, आकाराने लहान पण रस्ता असलेला भूखंड परत द्यायचा. गुजरातेत ही पद्धत मुरली आहे. आपल्याकडे ती कमी वापरतात, आणि आमच्या मते हे चुकते आहे. एकट्याचे तीस गुंठे पूर्ण बुडण्यापेक्षा चाळीस जणांचे थोडे थोडे जाणे न्यायाचे. अल्पभूधारकाच्या हाती मात्र दोन गुंठेच उरतील, म्हणून डोळे झाकून हो म्हणू नये. १९९० च्या दशकात पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमीन विकण्याऐवजी भागीदार झाले. तिथे पुणे शेजारी होते, तीर्थपुरीला ते नाही. पण एकत्र बसून हिशेब करायला पुणे लागत नाही.

मोसंबीवाल्याचे काय? मंजूर योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ खाली मालकाला खरेदीची नोटीस देता येते. सोबत मालकीचे कागद जोडावे लागतात. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी खरे पाऊल पडले नाही तर आरक्षण रद्द झाले असे धरतात. नुसता कार्यालयाकार्यालयांतला पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितले आहे. त्याला अजून एक वर्ष काढायचे आहे. त्याचे फेरफार आणि वारसनोंदी आम्ही आताच नीट करून घेत आहोत. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच असेल तर त्या नोटिशीत खोट काढली जाऊ शकते.

तीर्थपुरीच्या हद्दीतील शेतकऱ्यांनी मात्र दहा वर्षांची वाट पाहू नये. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने चालू सातबारा आणि गट नकाशाची प्रत आणावी. त्या नकाशावर विहीर, बोअर, पाईपलाईन, फळबाग, ओढा आणि पाणंद पेनाने दाखवावी. बागेचे वय लिहावे, जमिनीची खोली माहीत असेल तर तीही. सगळ्या गटांचे मिळून आपण आपला विद्यमान वापराचा नकाशा करू आणि अर्जासोबत नगरपंचायतीत देऊन पोच घेऊ. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवू. गायरान आणि मुरमाड पड कुठे आहे तेही त्यात दाखवू, म्हणजे आरक्षण कुठे टाकावे हेही त्यांना आयते मिळेल. हद्दीवरच्या बायकांनी जरूर यावे. पाणंद कुठे अडली आणि पावसाळ्यात पाणी कुठून घुसते हे पुरुषांपेक्षा त्यांना नेमके ठाऊक असते.

बैठकीनंतर शीव फिरायची आहे. टेप आम्ही आणू, भाकरी घरून बांधून आणा.